माजी विद्यार्थ्यांचे संमेलन आणि पाण्याने भरलेले बाळ

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाचे वार्षिक संमेलन डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यातच भरते, कारण अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या डॉक्टरांना नाताळच्या सुमारासच सवडीने येणे जमते. बालरोग विभागात शिकवत असताना आणि निवृत्तीनंतरही संघाच्या कार्यकारिणीवर राहिल्यामुळे मी ही संमेलने यजमानाच्या बाजूने पाहिली.

सुरुवातीच्या वर्षांत अधिष्ठात्यांचे भाषण, रौप्यमहोत्सवी बॅचचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि भोजन एवढाच कार्यक्रम असे. पाहुण्यांच्या स्लाइडवर दिसणारी यंत्रे आमच्या वॉर्डात नसत, आणि रात्रपाळी करून आलेले निवासी डॉक्टर मागच्या बाकांवर खुशाल डुलक्या काढत. कोणी कौतुकाने यंत्रच पाठवून देई. असा एक मॉनिटर ११० व्होल्टवर चालणारा निघाला आणि योग्य ट्रान्सफॉर्मर मिळेपर्यंत भांडारात पडून राहिला.

संमेलनाला खरा रंग चढला तो कार्यशाळांमुळे. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळांसाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१० मध्ये ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम सुरू केला. त्यानंतरच्या एका संमेलनाला, तिकडे नवजात शिशुविभागात काम करणारी आमची एक विद्यार्थिनी त्यातले सरावाचे बाळ बॅगेत घडी घालून घेऊन आली. त्यात पाणी भरले की ते हाताला खऱ्या बाळाइतके जड लागते; एक रबरी फुगा दाबला की नाळेचे ठोके जाणवतात, दुसरा दाबला की छाती हलू लागते. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत मास्क लावून हवा द्यायची, हा त्या शिक्षणाचा गाभा. आमच्या प्रसूतिकक्षाच्या इनचार्ज सिस्टर हे काम कित्येक वर्षे करत होत्या. एका नामांकित हृदयरोगतज्ज्ञाने हौसेने मास्क हातात घेतला, पण बाळाची छाती काही हलेना. तेव्हा सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “सर, इंटर्न असतानाही तुम्ही मान अशीच जास्त मागे न्यायचात.” त्या वर्षी मागच्या बाकांवर कोणीही झोपले नाही.

तेव्हापासून भाषणे आटली आणि टेबलांभोवतीची गर्दी वाढली. गर्भजलात शी केलेल्या निपचित बाळाच्या श्वासनलिकेत सरसकट नळी घालून शी ओढून काढण्याची पद्धत २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी मागे टाकली, त्यावर आमचा वाद थेट जेवणाच्या रांगेपर्यंत चालला. वरिष्ठांना जुनी सवय सोडवत नव्हती, आणि त्यांत मीही होतो.

पैशाची बाजू रुक्ष असली तरी तिच्यावाचून संमेलनाचे चित्र पुरे होत नाही. भारतीय पासपोर्ट राखलेल्या डॉक्टरने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान, म्हणजे कायद्याने निर्बंध घातलेली परदेशी देणगी, ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या त्याच्याच रूममेटची मात्र ठरते, मग त्याच्याजवळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड का असेना. शिवाय त्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीपासून असे अंशदान स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारावे लागते. त्यामुळे आमचे खजिनदार नोंदणीच्या टेबलावरच प्रत्येकाला नागरिकत्व विचारत आणि बॅचमधले मित्र त्यावरून एकमेकांची यथेच्छ थट्टा करत.

ज्यांची इथल्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू नसे, त्यांना उपचार करता येत नसत. एका परीने ते बरेच झाले, कारण ते खाटेशेजारी उभे राहून नुसते प्रश्न विचारत आणि निवासी डॉक्टरांना उत्तरे शोधावी लागत. अशाच एका फेरीत क्षयरोगाच्या मेंदूज्वराचे तीन रुग्ण पाहून बॉस्टनहून आलेला न्यूरॉलॉजिस्ट वॉर्डातच थबकला. आपल्या रेसिडेंटना असा रुग्ण क्वचितच पाहायला मिळतो, असे तो म्हणाला. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टर मुलीने मग त्यालाच त्या तिघांच्या पाठीच्या कण्यातील पाण्याचे अहवाल एकेक करून समजावले. करोनाच्या काळात संमेलन पडद्यावर भरवावे लागले, तेव्हा तिकडच्या रेसिडेंटसाठी याच विषयावर व्याख्यान द्यायला त्याने तिलाच बोलावले.