वांगारॅटा ते ब्राइट: गाडीच्या पाठीवर सायकली

मेलबर्नहून ह्यूम फ्रीवेने वांगारॅटा सुमारे अडीचशे किलोमीटर. रस्ता चकचकीत, पण कंटाळवाणा. वाटेत ग्लेनरोवनला नेड केली या दरोडेखोराचा भलाथोरला पुतळा आहे. फोटो काढा आणि निघा. मजा पुढे आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातला इथला जुना लोहमार्ग बंद पडला, रूळ निघाले आणि ब्राइटपर्यंत, बीचवर्थचा फाटा धरून, जवळपास शंभर किलोमीटरची डांबरी सायकलवाट झाली: मरे टू माउंटन्स रेल ट्रेल.

मित्रमंडळात गाडी एकच असेल तर ही युक्ती करा. एकाने गाडी पुढच्या गावात लावायची आणि तिथून सायकलने उलट बाकीच्यांना सामोरं यायचं. चालकाचीही सायकल होते. दुसऱ्या दिवशी चालक बदला, नाहीतर भांडणं ठरलेली.

एव्हर्टनहून बीचवर्थचा फाटा सोळाएक किलोमीटरचा, आणि जवळजवळ सगळा चढाचा. आगगाडीसाठी केलेला चढ, त्यामुळे डोळ्यांना सपाट दिसतो; मांड्यांना मात्र बरोबर कळतो. सवय नसेल तर गाडीने वर जा, सोन्याच्या खाणींच्या काळातल्या दगडी इमारती बघा, बेकरीत पोटभर खा आणि सायकलने खाली या. यात कमीपणा काही नाही.

मर्टलफर्डच्या आसपास शेतांत पत्र्याच्या उंच कोठ्या दिसतात. तंबाखू सुकवायच्या भट्ट्या त्या. इथे इटलीहून आलेल्या कुटुंबांनी हे पीक घेतलं, २००६मध्ये ते थांबलं. आमच्यातला निपाणीकर आत डोकावून म्हणाला, “आमच्याकडं ऊन फुकट आहे, यांना भट्टी लागत होती होय!”

हेल्मेट सक्तीचं आहे, १९९०पासून. ऑगस्ट ते ऑक्टोबरात त्याचा आणखी एक उपयोग: घरट्याजवळून गेलात की मॅगपाय पक्षी मागून येऊन टाळक्यावर झडप घालतो. गॉगल लावा, उतरून चालत जा. स्थानिक लोक हेल्मेटला प्लॅस्टिकचे केबल टाय साळिंदरासारखे खोचतात. पक्षी घाबरतो का देव जाणे, लोक हसतात नक्की.

सायकल रॅकमुळे गाडीची नंबरप्लेट झाकली गेली तर दंड होतो. रॅकसाठी वेगळी प्लेट मिळते, ती आधी मागवा. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून अंधारायच्या आत मुक्काम गाठा. एप्रिलअखेर ब्राइटमध्ये पानगळ बघायला झुंबड असते, खोल्या खूप आधी घ्या. आणि लहान गावांत हॉटेलची चूल लवकर विझते. डब्यात दशम्या-चटणी असू द्या.