वडापच्या जीपपासून थारच्या क्लचपर्यंत : आमची वाटचाल

नमस्कार मंडळी. बरेच जण फोनवर विचारतात की तुम्ही कोल्हापुरात बसून नुसतं फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांच्या क्लचचंच काम कसं करता, त्यावर दुकान चालतं का. दर वेळी फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून म्हणलं एकदा नीट लिहूनच काढू.

सुरुवात आबांपासून करायला लागेल. आबा म्हणजे माझे वडील, शिवाजी उद्यमनगरात लेथवर टर्नर होते. ज्यांनी उद्यमनगर बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको, एका गल्लीत कास्टिंग ओततात, पुढच्या गल्लीत त्याचं मशीनिंग होतं आणि अजून पुढं गेलं की तोच माल रंगवून टेम्पोत चढत असतो. आबांच्या लेथवर वडापच्या जीपा आणि ट्रॅक्टरची फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं जड चाक ज्यावर क्लचची प्लेट घासते, ती फेसिंगला, म्हणजे सपाट करून घ्यायला यायची. बाहेरच्यांसाठी सांगतो, वडाप म्हणजे आमच्याकडं शेअरिंगनं चालणाऱ्या जीपा, तेव्हा कमांडर नाहीतर ट्रॅक्स. आत पंधरा-सोळा माणसं, टपावर पोती आणि रस्ता गगनबावड्याचा नाहीतर राधानगरीचा. दर फाट्यावर थांबायचं, चढावर हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवरच गाडी थोपवून धरायची आणि मागनं कोण पळत येतंय का बघायचं. काही महिन्यांतच प्लेट जळायची. मी शाळा सुटली की आबांजवळ जाऊन बसायचो, आणि जळलेल्या क्लचचा तो करपट वास माझ्या नाकात तेव्हापासनं बसलाय, आज गाडी गेटमधनं आत येतानाच मला कळतं की हिचं काय झालंय.

२००४ साली मी स्वतःची शेड घेतली, भाड्यानं, वीस बाय तीस फुटांची, मी आणि एक हेल्पर. वडापच्या जीपा होत्याच, त्यात उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर यायचे. दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढायचा, तोही चिखलातल्या पाणंदीतनं, म्हणजे क्लचची परीक्षाच. ट्रॅक्टरनं मला एक गोष्ट लवकर शिकवली, ती म्हणजे सिरॅमिकचे बटन. साध्या प्लेटवर गोल लायनिंग असतं, त्यात काचेचे धागे, रेझिन, तांब्याची तार असला माल असतो, त्याला आम्ही ऑरगॅनिक म्हणतो. ट्रॅक्टरच्या प्लेटवर मात्र बऱ्याचदा धातू आणि सिरॅमिक एकत्र दाबून केलेले जाड तुकडे, म्हणजेच हे बटन, असतात, ते उष्णता जास्त सोसतात आणि पकडही घट्ट धरतात. मला वाटायचं हेच सगळ्यात भारी, मग जीपला का नको? या प्रश्नाचं उत्तर मिळायला मला बरीच वर्षं आणि एका चांगल्या गिऱ्हाइकाचा मनस्ताप लागला, ते पुढं सांगतो.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये महिंद्राची थार आली आणि आमचं गिऱ्हाईक बदललं. त्याआधी हौसेनं जीप घेऊन जंगलात जाणारी माणसं होती पण थोडी, महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप नाहीतर मारुतीची जिप्सी असलेली. थारचं सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिन २४९८ सीसीचं, १०५ बीएचपी आणि २४७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे जुन्या जीपवाल्यांना हे डोक्यावरनं पाणी होतं. पोरांनी गाडी घेतली की पहिल्या महिन्यात मोठे टायर, दुसऱ्या महिन्यात लोखंडी बंपर आणि विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र, आणि सहा महिन्यांत रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं. मग गाडी आमच्या दारात, काय तर म्हणे क्लच स्लिप मारतोय, सगळ्यात भारी क्लच टाका, पैशाचं बघू नका.

इथं जरा थांबून सांगतो, कारण खरा विषय हाच आहे आणि बऱ्याच ठिकाणी इथंच गल्लत होते. रिमॅप आणि मोठे टायर हे दोन वेगळे रोग आहेत आणि दोघांचं औषध वेगळं. रिमॅपमुळं इंजिनचा टॉर्क वाढतो. समजा २४७ चा ३०० झाला, म्हणजे वीस टक्क्यांच्या वर वाढ, तर क्लचची पकडच कमी पडते. हे चौथ्या-पाचव्या गिअरात कळतं. पंधराशे-अठराशे आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा, काटा वर पळाला आणि गाडीचा वेग जागेवरच राहिला तर क्लच घसरतोय. मोठ्या टायरचं तसं नसतं. जुन्या थारला कंपनीचे २३५/७० आर १६ टायर, उंची साधारण २९ इंच. तिथं ३३ इंची टायर घातले की गिअरिंग जवळजवळ १४ टक्क्यांनी लांब होतं. इंजिनचा टॉर्क वाढलेला नसतो, पण गाडी जागची हलवताना क्लच जास्त वेळ घासत राहतो, शिवाय त्या टायरचं वजनही फिरवायचं असतं. म्हणजे इथं पकडीपेक्षा गरमीचा प्रश्न आहे. यावर कडक क्लच टाकणं म्हणजे ताप आलाय म्हणून पायाला पट्टी बांधण्यासारखं. खरा उपाय क्राऊन पिनियनचा, म्हणजे एक्सलमधल्या गिअरांचा रेशो बदलणं, आणि तो खर्च नको असेल तर चढावर फोर लो, म्हणजे छोट्या लिव्हरनं लागणारी हळू पण ताकदीची रेंज वापरणं. थारच्या लो रेंजमध्ये साधारण अडीच पट टॉर्क मिळतो, तेवढंच ओझं क्लचवरनं उतरतं. कितीतरी लोकांनी तो छोटा लिव्हर वर्षभरात एकदाही ओढलेला नसतो.

आता तो प्रसंग. निपाणीकडचे एक डॉक्टर होते, गाडी रोज दवाखान्यात न्यायची आणि महिन्यातनं एकदा मित्रांबरोबर आंबोलीच्या बाजूला जायचं. टायर ३१ इंची, रिमॅप नाही. मी त्यांच्या गाडीत सिरॅमिक बटनची प्लेट टाकली आणि वर जास्त दाबाची प्रेशर प्लेट, म्हणजे क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग. माझ्या मनात खोट नव्हती, मला खरंच वाटलं की यांना आयुष्यभर क्लच बघायला लागणार नाही. पंधरा दिवसांत ते परत आले. म्हणाले, “अहो, ट्रॅफिकमध्ये गाडी उडी मारतीय, रिव्हर्स घेताना थडथडतीय, आणि माझा डावा गुडघा दुखायला लागलाय.” मी म्हणलं सर, प्लेट बसेल हळूहळू, थोडं चालवा. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून चालवलं. मग पावसाळ्यात एका ओढ्यात मागचं चाक दोन दगडांत अडकलं, त्यांनी आरपीएम चढवून क्लच सोडला आणि मागचा एक्सल शाफ्ट तुटला. पाऊस, अंधार, बरोबर दोन लहान पोरं, ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली.

शाफ्ट हातात घेऊन मी रात्रभर शेडमध्ये बसलो होतो. आबा आले, त्यांनी तुटलेलं टोक चिमणीच्या उजेडात फिरवून बघितलं, लाइट गेली होती, आणि एवढंच म्हणाले, “आधीची प्लेट असती तर ती घसरली असती रे, शाफ्ट वाचला असता.” बरोबरच होतं ते. क्लच हा गाडीतला फ्यूज आहे. झटका आला की त्यानं थोडं घसरून पुढच्या गिअरबॉक्सला, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा), एक्सलला वाचवायचं असतं. मी फ्यूजच्या जागी जाड तार घातली होती. डॉक्टरांना शाफ्ट आणि परत ऑरगॅनिक क्लच आम्ही आमच्या पैशानं बसवून दिला, ते आजही आमच्याकडंच येतात, हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हापासनं आम्ही नियमच केला, गाडी आली की आधी मी शेजारच्या सीटवर बसतो आणि मालकाला म्हणतो चला, एक राऊंड मारू. पाय क्लचवर ठेवून बसतो का, सिग्नलला न्यूट्रल करतो का, चढावर काय करतो, हे दहा मिनिटांत दिसतं. निम्म्या लोकांना आम्ही कंपनीचाच क्लच परत टाकून देतो आणि स्पष्ट सांगतो की तुम्हाला अपग्रेडची गरज नाही. यात धंदा कमी होतो असं वाटेल, पण गाडीवाली माणसं एकमेकांना सांगतात आणि पुढचं गिऱ्हाईक बेळगाव, सावंतवाडी, गोव्यातनं येतं.

ज्याला खरंच लागतो त्याच्यासाठी हिशेब साधा आहे. क्लचची पकड चार गोष्टींवर ठरते, प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचं घर्षण, प्लेटचा व्यास आणि घासणाऱ्या बाजू किती. दाब वीस टक्के वाढवला तर पकड तेवढी वाढते पण पेडल जड होतं, रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) आणि इंजिनाच्या क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवरही भार येतो. म्हणून आम्ही शक्यतो दाब थोडाच वाढवतो, लायनिंग चांगल्या दर्जाचं ऑरगॅनिक नाहीतर केव्हलार (चिवट कृत्रिम धागा) घेतो, आणि मधल्या, झटका झेलणाऱ्या डँपर स्प्रिंगा असलेलीच प्लेट घेतो. स्प्रिंग नसलेली प्लेट स्पर्धेच्या गाडीत ठीक, रोजच्या गाडीत नको. गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही जंगल-चिखलातली गाड्यांची स्पर्धा होते, तसल्या ठिकाणी उतरणाऱ्या गाडीला मात्र सिरॅमिकच देतो, कारण तिथं दिवसभर विंच आणि चिखल, आणि चालवणाऱ्याला थडथड माहीत असते.

फ्लायव्हीलबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवीन प्लेट टाकली आणि फ्लायव्हील तसंच ठेवलं तर ते काम अर्धं. जळलेल्या फ्लायव्हीलवर निळसर डाग दिसतात, रॉकेलच्या थेंबावर रंग दिसतात ना तसे, तिथं लोखंड कडक झालेलं असतं आणि तिथंच क्लच थडथडतो. आबांचा लेथ मी शेडमध्ये आणून ठेवलाय. आबा अजूनही फेसिंग झाल्यावर डायल गेज लावायच्या आधी डोळे मिटून अंगठ्याचं नख पृष्ठभागावरनं मधनं कडेला ओढतात, आणि म्हणतात अजून एक कट घे, नाहीतर म्हणतात बास. मग गेज लावला की बहुतेक वेळा तेच निघतं. ज्या फ्लायव्हीलला पायरी असते त्यात वरची आणि खालची बाजू सारखीच घासायला लागते, एक घासली आणि दुसरी सोडली की प्रेशर प्लेटचा दाबच बदलतो. ही चूक झालेल्या गाड्या आमच्याकडं दर महिन्याला येतात. ड्युअल मास, म्हणजे दोन भागांच्या, मध्ये स्प्रिंगा असलेल्या फ्लायव्हीलला मात्र आम्ही लेथ लावत नाही, ते खराब असेल तर बदलायचंच.

आणि गिअरबॉक्स एकदा उतरवला की क्रँकचं मागचं ऑइल सील, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग हे सगळं नवीन टाकून घ्या हो. ट्रान्सफर केससकट गिअरबॉक्स खाली घेणं म्हणजे दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम, आणि किरकोळ पैशाच्या सीलसाठी नव्या प्लेटवर ऑइल आलं की जीव हळहळतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला, चिखली-आंबेवाडीची अवस्था सगळ्यांनी बघितली. आमची चार-पाच गिऱ्हाइकं आपल्या जीपा घेऊन दूध, औषधं, माणसं पोचवत होती. आम्ही शेड उघडी ठेवली होती, रात्री दोनलासुद्धा. पाणी उतरल्यावर गाड्यांची रांग लागली. बेल हाऊसिंग, म्हणजे क्लचवरचं कवच उघडलं की आत लाल-काळा गाळ, दह्यासारखा घट्ट, आणि प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली. काही जण सांगायचे गाडी गिअरमध्ये टाकून झटका द्या, सुटते. सुटते खरी, पण लायनिंगचा तुकडाही सोबत निघतो. आम्ही एकही झटका न देता सगळ्या उघडून साफ केल्या, त्या दोन महिन्यांत पोरांनी घरचं जेवण नीट केलं नाही. पुराच्या पाण्यात गेलेल्या ड्रायव्हरांकडनं एक गोष्ट पक्की कळली, पाण्यात असताना क्लच दाबायचा नाही. आधीच लो रेंजमध्ये योग्य गिअर टाका आणि त्याच गिअरात पलीकडं निघा. दाबलात की फटीतनं पाणी आणि गाळ प्लेटमध्ये शिरतो.

२०२० ला लॉकडाऊन, त्यात ऑक्टोबरला नवी थार आली, डिझेलला १३० बीएचपी आणि ३०० न्यूटन मीटर, सहा गिअर. वाटलं आता ऑटोमॅटिकच सगळे घेणार आणि आपलं काम संपलं. तसं झालं नाही. मॅन्युअलवाला गडी मॅन्युअल सोडत नाही. फोर्सची गुरखा आहे, मारुतीची जिम्नी आली, जुन्या जिप्सी तर लोक नव्यानं उभ्या करतायत. आज आम्ही सहा जण आहोत, दोन लिफ्ट आहेत, पहिला हेल्पर आता गिअरबॉक्सचा सगळा विभाग बघतो आणि मला अजून दादा म्हणतो. नवीन क्लच टाकलेल्या प्रत्येक गाडीला आम्ही कागदावर लिहून देतो, पहिले ८०० किलोमीटर ओढकाम नाही, विंच नाही, चढाची हौस नाही. बायको तो कागद काउंटरवर वाचून दाखवते आणि सही घेते, त्याशिवाय चावी देत नाही.

आत्ता हे लिहितोय तेव्हा लिफ्टवर एक १९९० च्या दशकातली एमएम ५४० आहे, साताऱ्याच्या एका काकांची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. प्युजो इंजिन, मूळचा क्लच, काकांना मोठं काही नको, फक्त कासच्या चढाला नातवाला घेऊन जाता आलं पाहिजे. फ्लायव्हील लेथवर लावलंय, आबांनी आताच नख फिरवलं. एक कट अजून घ्यायचाय.