तुम्ही विचारलंत म्हणून: कलेतले कळत नसेल, तर शहरात काय पाहावे?

परक्या शहरात गेले की मी तिथली शिल्पे, भित्तिचित्रे आणि इमारती पाहण्यात दिवसचे दिवस घालवते, हे ठाऊक असलेली मंडळी मला हमखास विचारतात, "आम्हाला कलेतले काही कळत नाही, मग आम्ही नेमके काय पाहायचे?" माझे सांगणे असे, की एका दिवसात दहा ठिकाणे उरकू नका. एकाच जागी तासभर थांबा आणि कलाकृतीइतकेच तिच्याभोवतीच्या माणसांकडे पाहा. ती वस्तू तिथे आल्यामुळे त्यांच्या वावरण्यात काय फरक पडला, हे कोणालाही दिसते.

शिकागोच्या मिलेनियम पार्कमधील शिल्पकार अनीश कपूर यांचे 'क्लाउड गेट' हे आरशासारखे चकचकीत शिल्प मी असेच पाहिले. स्टेनलेस स्टीलचे 168 पत्रे जोडून ते घडवलेले आहे. 2004 मध्ये ते लोकांसमोर आले तेव्हा पत्र्यांचे सांधे दिसत होते आणि ते नंतर घासून नाहीसे करण्यात आले. लांबून तिथे दिसते ते आकाश आणि वाकलेले उंच मनोरे. जवळ गेल्यावर प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो. सुमारे 12 फूट उंचीच्या कमानीखाली शिरून वर पाहिले की पोटाकडच्या खोलगट भागात आपलीच अनेक प्रतिबिंबे ताणली जाऊन एकमेकांत मिसळतात आणि त्यातले आपण कोणते, हे ओळखण्यासाठी हात हलवून पाहावा लागतो. माझ्या शेजारी एक आजी हात हलवत होत्या, त्यांचा नातू फरशीवर उताणा पडून त्यांना वरच्या गर्दीत शोधत होता, आणि ती खूण पटल्यावर दोघांनी केलेला जल्लोष मला कोणत्याही समीक्षेपेक्षा मोलाचा वाटला. हाताच्या उंचीपर्यंतच्या पत्र्यावर सगळीकडे बोटांचे ठसे होते.

माणसांकडे पाहायचे म्हणजे त्यांची तक्रारही ऐकायची. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझा या सरकारी कार्यालयांसमोरच्या चौकात 1981 मध्ये शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी 120 फूट लांब आणि 12 फूट उंच अशी पोलादाची वक्र भिंत उभारली, 'टिल्टेड आर्क'. चौक ओलांडताना या भिंतीला वळसा घालावा लागतो, अशी तिथल्या कर्मचाऱ्यांची तक्रार होती. 1985 मध्ये जाहीर सुनावणी झाली. भिंत राहू द्यावी म्हणणारे बोलणाऱ्यांत अधिक होते, तरीही 1989 मध्ये ती कापून हलवण्यात आली. हे काम त्या जागेसाठीच केलेले असल्याने ते हलवणे म्हणजे नष्ट करणे, ही सेरा यांची भूमिका मला पटते. पण रोज वळसा घालणाऱ्याला कलेतले कळत नाही, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

इमारतींच्या बाबतीत एक सोपी युक्ती आहे: ती चालते कशी, हे शोधा. पॅरिसच्या पाँपिदू केंद्र या कलाकेंद्राने (1977) ही माहिती उघडच मांडली आहे. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या वास्तुरचनाकारांनी तिथल्या नळ्या बाहेर काढून रंगवल्या. हवेसाठी निळा, पाण्यासाठी हिरवा, विजेसाठी पिवळा आणि माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटांसाठी लाल, एवढे लक्षात ठेवले तरी ती दर्शनी बाजू वाचता येते.

कार्यक्रमांपैकी एकच निवडायचा असेल, तर एरवी बंद असणाऱ्या इमारती लोकांना मोफत दाखवल्या जातात तो निवडा. लंडनमध्ये 1992 मध्ये 'ओपन हाउस' या नावाने ही प्रथा सुरू झाली आणि पुढे अनेक शहरांनी ती उचलली. अशा दिवशी वास्तुरचनाकाराचे नाव विचारण्याआधी मी तिथे रोज काम करणाऱ्यांना त्यांची आवडती जागा विचारते. एका जुन्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने मला थेट जिन्याच्या वळणावर नेले. कठड्याचे लाकूड तिथे वीतभर जागेत झिजून गुळगुळीत झाले होते, कारण वर जाणारा प्रत्येक जण वळताना नेमका तिथेच हात टेकतो. मीही टेकला.