चौथ्या स्तरातले पायताण

जून 2021 मध्ये मी कोल्हापुरातल्या एका नागरी आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. कोरोनाची दुसरी लाट चालू होती. पॉझिटिव्हिटी दर, म्हणजे शंभर चाचण्यांत किती जण बाधित निघतात तो आकडा, आणि ऑक्सिजन खाटांचा वापर पाहून राज्याने 7 जूनपासून जिल्ह्यांचे पाच स्तर ठरवले होते. आमचा दर 10 टक्क्यांच्या खाली येत नसल्याने आम्ही चौथ्या स्तरात होतो आणि अत्यावश्यक वगळता दुकाने बंदच होती.

एका दिवशीच्या बाधितांच्या यादीत एक चप्पल विक्रेता होता. त्याच्या दारात उभे राहून मी नेहमीचा प्रश्न विचारला, दुकानात कोण कोण आले होते? तो म्हणाला, "डॉक्टर, दुकान एप्रिलपास्नं बंद हाय. मग मला आणला कुणी?"

उत्तर घरातच होते. दोन खोल्या, सात माणसे. थोरल्या भावाला आठवड्यापूर्वी ताप येऊन गेला होता, पण तपासणी केली नव्हती. राज्याने मेअखेरीस कोल्हापूरसह 18 जिल्ह्यांत गृहविलगीकरण थांबवण्याचे ठरवल्यापासून, पॉझिटिव्ह निघालो तर उचलून नेतील, या धास्तीने अशी दुखणी लपवली जात होती. नियम चुकीचा नव्हता, कारण अशा घरात रुग्णाला वेगळे ठेवणे अशक्यच. पण त्याच नियमामुळे थोरला भाऊ आमच्यापर्यंत पोहोचला नाही.

टाळेबंदी निरुपयोगी होती, असे मी म्हणणार नाही. 2020 च्या मार्चमधल्या 21 दिवसांनी तयारीला वेळ दिला, आणि खाटा भरलेल्या असताना गर्दी तोडण्यावाचून मार्गही नसतो. पण मे 2021 मध्ये आठवडाभर कडकडीत बंद पाळूनही मुंबई-पुण्याच्या मानाने आमचा आलेख फार उशिरा उतरला. लागण, लक्षणे आणि अहवाल यांत दहा-बारा दिवस सहज जात असल्याने कोणत्या निर्बंधाने किती साधले, हे आम्हालाही सांगता येत नव्हते. संसर्ग मात्र बाजारातून उठून माजघरात आला होता, हे रोज दिसत होते.

सोप्यात त्या विक्रेत्याची आई दुकानातून आणलेल्या कापशी प्रकारच्या कोल्हापुरी चपलांवरची पांढरी बुरशी तेलाच्या बोळ्याने पुसत होती. लग्नसराई आणि अंबाबाईच्या दर्शनाला येणारे पर्यटक, असा त्यांचा हंगाम उन्हाळ्याचा. सलग दोन वर्षे तो बुडाला होता. एप्रिलमधला बंद आठवडा आणि जुलैमधला बंद आठवडा आमच्या हिशेबात सारखेच होते, तिच्या नव्हते.

"आता उघडलं तरी पावसात पायताण कोण घेतंय?" ती म्हणाली.

त्याला विलगीकरण केंद्रात नेणारी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली होती. मी उरलेल्या सहा जणांची नावे फॉर्मवर लिहून घेतली.