पाच मिनिटं गप्प बसायची

डिसेंबरातल्या दुपारी दोघींनी तिला धरून उपकेंद्रात आणलं. वावरात वेचणी करताना चक्कर येऊन पडली होती, ओटीत कापूस तसाच होता. बीपी घेतलं, ९६/६०. गोळी कोणती चालू आहे विचारलं, तर तिनं पदराची गाठ सोडून पाकीट दाखवलं. अम्लोडिपिन ५, बीपी कमी करायची गोळी. "तुमीच त देता, मॅडम."

रजिस्टर काढलं. जुलैच्या शिबिरातली नोंद माझ्याच अक्षरात, १५८/९६.

मी यवतमाळ जिल्ह्यात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी करायची आणि त्याच दिवशी ॲपमध्ये भरायची. आकड्यांवर आमचा १५ हजारांपर्यंतचा मोबदला अडलेला असतो. त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मी ७१ बीपी घेतले होते. ती निंदणातून लगबगीनं आलेली, आशाताईंशी बोलत होती. मी बाहीवरूनच कफ, म्हणजे बीपीच्या यंत्राचा पट्टा, बांधला आणि एकदाच मोजलं. पुढे दवाखान्यातही ती चालत गेली, तिथेही एकदाच मोजलं आणि गोळी सुरू झाली. डॉक्टरांसमोर शंभराची रांग असते हे मला माहीत आहे. तरी हे चूकच होतं.

बीपी असं घ्यायचं नसतं. माणूस लघवीला जाऊन आलेला हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. पाच मिनिटं गप्प बसवायचं. दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. कफ दंडाच्या मापाचा: दंडाला तो लहान पडला तर बीपी जास्त दाखवतो, मोठा झाला तर कमी. मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा मोजायचं. १४०/९० च्या वर आलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायचं. एका माणसाला आठ-दहा मिनिटं जातातच.

आता मी भिंतीलगत चार खुर्च्या मांडते, म्हणजे एकीचं मोजताना बाकीच्या शांत बसून होतात. वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोवर मिळते, दिवसा थांबवलं तर तिचा कापूस बुडतो. म्हणून संध्याकाळी कापसाचा काटा झाल्यावर वस्तीवर जाते. दिवसाला वीस-बावीस होतात. मासिक बैठकीत माझं उपकेंद्र खालून दुसरं आलं आणि "स्पीड वाढवा" असं ऐकावं लागलं. आधीच्या ७१ नोंदी खऱ्या होत्या का, हे कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी तिची गोळी थांबवली. चार आठवडे मी दर मंगळवारी मोजलं: १२४/७८, १२६/८०, असंच. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "मंग मले बिमारी नोयतीच? पाच महिने बिनमिठाची भाजी खाल्ली मी."

मी तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही, वावरात गेली.

त्या ७१ पैकी ४३ जणांचं पुन्हा मोजून झालंय. दोघांच्या नावापुढे मी १२०/८० लिहिलं होतं, त्यांचं १६० च्या वर निघालं. उरलेल्यांतले बरेच पुण्याकडे बांधकामावर गेलेत, होळीला येतील. यादी रजिस्टरच्या पहिल्या पानाला टाचून ठेवली आहे.