दुसरा डबा नेला का?

बार्शीत आमचा लाकडी घाणा आहे. करडई आणि शेंगदाण्याचं तेल काढतो; पेंड आसपासचे दूधवाले नेतात. रिफाइंडपेक्षा आमचा भाव बराच चढा, त्यामुळे जाहिरात पहिल्यापासून करावीच लागली. पेपरातून पत्रकं टाकली, रस्त्याकडेच्या भिंती रंगवल्या, पुण्याच्या भीमथडी जत्रेत स्टॉल लावला. मग रील आले.

रीलचे आकडे दिसायला फार गोड. घाणा फिरतोय, पिवळी धार पडतेय, लोक बघणारच. भाऊ त्या आकड्यांवर खूश असायचा. मी विचारायचो, यातल्या कितीजणांनी तेल नेलं? फेसबुकवर तेव्हा व्हिडिओ तीन सेकंद चालला तरी एक व्ह्यू धरायचे. सरासरी किती वेळ व्हिडिओ पाहिला जातो, हा आकडा फुगलेला दाखवला गेला हे तर खुद्द फेसबुकनंच २०१६ मध्ये मान्य केलं. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेले त्या हिशोबात धरलेच नव्हते!

तेलाच्या धंद्यात एक सोय आहे. पाच लिटरचा डबा चौघांच्या घरात साधारण महिना-सव्वा महिना जातो. पहिला डबा लोक चव बघायला नेतात, दुसरा नेला की ते आपलं गिऱ्हाईक. म्हणून बिलबुकात दोन रकाने वाढवले: 'पहिला की परत' आणि 'कुठून कळलं'. समजा, पाच हजारांच्या पत्रकांनी पन्नास नवी घरं आली. घरटी खर्च शंभर रुपये, स्वस्तच वाटतं. पण त्यातली दहाच परत आली, तर टिकलेलं एक घर पाचशेला पडलं. आमच्या घरात वाद मिटवायला हा पाचशेचा आकडा कामी आला.

'कुठून कळलं' हा रकाना मात्र वात्रट. निम्मे लोक 'असंच' म्हणतात. ऑर्डर व्हॉट्सॲपच्या लिंकवरून आली की श्रेय लिंकला जातं, आणि नंबर दिलेला असतो कुणाच्या तरी नणंदेनं. आता आम्ही थोडं खोदून विचारतो, 'आमचं तेल पहिल्यांदा कुणाकडे खाल्लंत?' या प्रश्नाला बहुतेकांकडून नाव मिळतं. पाहुण्यांच्या घरी चव घेऊन आलेला माणूस सवलत बघून आलेल्यापेक्षा जास्त टिकतो. म्हणून सवलतीतला बराच पैसा आम्ही जुन्या गिऱ्हाइकाच्या डब्यासोबत पाहुण्यांसाठी एक छोटी बाटली देण्याकडे वळवला.

दिवाळीचं वेगळंच. तेव्हा तेल खपतंच आणि जो-तो म्हणतो, माझ्यामुळे खपलं. त्यावर साधी युक्ती केली. वैरागला पत्रकं टाकली, कुर्डुवाडीला नाही, आणि दोन्हीकडची विक्री त्यांच्याच मागच्या दिवाळीशी ताडून पाहिली. फरक किरकोळ निघाला. छापखानेवाले नाराज झाले, पण पुढच्या दिवाळीला पत्रकं निम्मीच छापली.

किराणा दुकानांत माल ठेवायला लागल्यापासून पंचाईत झाली आहे. तिथे परत कोण आलं ते आम्हाला दिसत नाही, आणि दुकानदाराला बिलबुकात रकाने भरायला सांगून तो थोडाच भरणार आहे! सध्या तरी एवढंच टिपतो, की आम्ही फोन न करता त्यानं माल मागवला का, आणि किती दिवसांनी. एखाद्यानं मोठा माल उचलला आणि पुन्हा फोनच आला नाही, की भाऊ त्याच्या फळीवर काय शिल्लक आहे ते बघून येतो.