बोटीची तालीम, धोपावे ते दाभोळ

श्विनोउय्श्चे हे गावाचं नाव आहे, शिंक नव्हे. पोलंडच्या वायव्य टोकाला, बाल्टिक समुद्रावर. अर्थ एकदम साधा: श्विना नदीचं मुख. वाशिष्ठीच्या मुखाशी आमचं दाभोळ, तसं श्विनाच्या मुखाशी हे. पोलंडमध्ये मी ट्रेलर चालवतो, पण आजवर सगळं जमिनीवरून. सुट्टी संपवून परत गेलो की पहिल्यांदा बोट. श्विनोउय्श्चेला साडेसोळा मीटरची गाडी बोटीच्या पोटात घालायची आणि साधारण सात तासांनी स्वीडनमध्ये इस्टाडला काढायची.

सुट्टीतले दिवस कसे जातात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आंबे, लग्नं, परत आंबे. त्यात मामांची आयशर दापोलीकडच्या एका बागायतदाराला रिकाम्या पेट्या पोचवायला निघाली होती. गुहागरहून चिपळूणमार्गे गेलं तर शंभर किलोमीटरच्या वर वळसा पडतो, म्हणून धोपाव्याहून जंगल जेटी, म्हणजे गाड्या खाडीपलीकडे दाभोळला नेणारी फेरीबोट. मी म्हटलं, "मामा, मी चालवतो. तेवढीच बोटीची तालीम." मामांनी किल्ली दिली, पण शेजारची सीट सोडली नाही.

एन्रॉनच्या वीज प्रकल्पाच्या बाजूने (कंपनीचं नाव कधीच बदललं, आमच्या तोंडातलं नाही) धोपाव्याला उतरेपर्यंत मी त्यांना माझी तयारी सांगत होतो. कागदांचं तसं सोपं आहे: पासपोर्ट, तिथलं राहण्याचं कार्ड, सीएमआर चिठ्ठी (गाडीतल्या मालाचा वाहतूक-कागद) आणि युरोपबाहेरच्या ड्रायव्हरला लागतो तो दाखला, जो मालक काढून देतो. डोकं खातात ते तास. गाडीत टॅकोग्राफ असतो, त्यात आपलं कार्ड सरकवायचं, की तो मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतो. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबा. दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदाच 10. आणि रोजची सलग 11 तास विश्रांती.

आता बोट सात तासांची आणि विश्रांती अकराची, मग बसवायचं कसं? त्यासाठी बोटीपुरती सवलत आहे. बंदरावर रांगेत लागलो की विश्रांती सुरू करायची. गाडी बोटीवर चढवताना ती एकदा मोडते, उतरवताना दुसऱ्यांदा. दोन्ही वेळचं मिळून एक तासाच्या आत बसलं आणि झोपायला बर्थ असला, तर ती मोडलेली धरत नाहीत. उरलेले तास पलीकडच्या बंदरात पार्किंगमध्ये काढायचे. मामांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "झोप नाही आली तर?" यावर यंत्रात बटण नाही.

धोपाव्याला ओहोटी होती. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि लांब गाडीची शेपटी घासते. खलाशी पुढे उभा राहून दोन बोटांनी बोलावत होता, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे मार, बास!" पुढची चाकं रॅम्पवर चढल्यावर सगळी जेटी किंचित दबली आणि ते माझ्या पायाला ब्रेकमधून कळलं. मामा खाली उतरले. सीटमागून जांभ्याचा एक तुकडा काढून त्यांनी मागच्या चाकाला मागून लावला. तो दगड माझ्या लहानपणापासून त्या कॅबिनमध्ये आहे, गाड्या तेवढ्या बदलल्या.

बाल्टिकवर हे काम साखळ्या करतात. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, एअर सस्पेन्शनची हवा उतरवायची. नाहीतर लाटांवर गाडी फुग्यांवर डुलते आणि साखळ्या ढिल्या पडतात. मग बोटीवरची माणसं चासीच्या कड्यांना साखळ्या अडकवून डेकला आवळतात. ड्रायव्हरने डेकचा नंबर लक्षात ठेवायचा, पिशवी उचलायची आणि वर जायचं. प्रवासात खाली यायला बंदी.

मामांना नेमकं हेच पटेना. ते कोकण रेल्वेच्या रोरोने कोलाडहून वेर्ण्याला गेलेत. 1999 साली सुरू झाली ती. तिथे ट्रक मालगाडीवर आणि ड्रायव्हर आपल्या कॅबिनमध्ये. "गाडी सोडून जायचं म्हणजे काय? मग ड्रायव्हर कशाला म्हणायचं?"

खरं सांगायचं तर मलाही तेच खुपत होतं. घरी आई रामदास बोट उगाळत होतीच. 17 जुलै 1947 ला रेवसला जाताना बुडालेली ती बोट आमच्याकडे अजून काल बुडाल्यासारखी सांगतात. मी तिला दुसरी गोष्ट मुद्दाम सांगितली नाही. 6 मार्च 1987 ला बेल्जियमच्या झेब्रुगेहून निघालेल्या रोरो बोटीचं पुढचं दार उघडंच राहिलं होतं. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, बोट कलंडली, 193 माणसं गेली. एवढ्या मोठ्या मोकळ्या डेकवर पाणी एका बाजूला धावलं की बोट सावरत नाही.

आईची तयारी वेगळीच. मळमळीवर आलेपाक, शिवाय आमसुलं आणि दोन नारळ. युरोपात फळं नेताना आंब्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला मागतात, नारळाला मात्र सूट आहे. कोकणी माणसाने यात खूश व्हावं की रडावं? एक नारळ चटणीचा, एक समुद्राचा, असं तिने वाटूनच दिलंय. बोटीवरून नारळ टाकलेला तिथे चालतो का, हे विचारायची माझी हिंमत नाही.

जेटी सुटली. मी हँडब्रेक तपासला आणि मुद्दाम उतरून वरच्या डेकवर गेलो. तालीम म्हणजे तालीम. वरून आयशर भलतीच छोटी दिसत होती. ताडपत्रीचा एक कोपरा फडफडत होता आणि खाली जाऊन तो बांधावा म्हणून हात शिवशिवत होते. मामा कॅबिनमध्येच, ब्रेकवर पाय देऊन. समोर दाभोळच्या मशिदीचा घुमट हळूहळू मोठा होत गेला. इथे पूल होणार, असं बरीच वर्षं ऐकतोय. श्विनोउय्श्चेच्या लोकांनीही नदी फेरीबोटीनेच ओलांडली, थेट 2023 मध्ये नदीखालून बोगदा होईपर्यंत.

या विचारात दहा-पंधरा मिनिटं गेली आणि खाली हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. "ओ, आयशरचा ड्रायव्हर कुठाय?" मोठ्या बोटींवर ड्रायव्हर वेळेत खाली आला नाही तर मागची अख्खी रांग अडकते आणि सगळ्या भाषांतल्या शिव्या खाव्या लागतात, हे सोबतच्या पोरांनी मला सांगितलं होतं. मी जिना उतरेपर्यंत मामा सरकून स्टेअरिंगवर बसले होते आणि गाडी धक्क्यावर चढलीसुद्धा होती. डेकवर राहिला होता फक्त तो जांभ्याचा तुकडा.

खलाशाने तो उचलून माझ्या हातात दिला. "तुमचाच ना?"

दगड काखेत घेऊन मी रॅम्प चढलो. मामा आरशातून बघत होते. दार उघडलं तर म्हणाले, "आधी तो आत ठेव. मग तू बस."